ओव्हरहेड आणि गँट्री क्रेनची सुरक्षा: कारखान्यांतून वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न क्रेनच्या प्रशिक्षण वर्गांत आणि वर्ग संपल्यावर फोनवर येत राहतात. सर्टिफिकेट, रजिस्टर, दंड यांबद्दल मॅनेजर विचारतात. स्लिंग (माल हुकाला लटकवायचा दोर, साखळी किंवा पट्टा), बेल्ट, कोन, इशारा यांबद्दल हेल्पर विचारतो, आणि तोही सगळे गेल्यावर, हळूच. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न कमी येतात, पण माणसं जखमी होतात ती बहुतेक तिथेच, हुकाच्या खालच्या दोन मीटरांत. म्हणून इथे त्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

१. ओव्हरहेड क्रेन आणि गँट्री क्रेन यांत फरक काय? आमच्याकडे दोन्हीला नुसतं ‘क्रेन’च म्हणतात.

ओव्हरहेड क्रेन, म्हणजे आपली इओटी (इलेक्ट्रिक ओव्हरहेड ट्रॅव्हलिंग क्रेन), शेडच्या खांबांवर बसवलेल्या गर्डरवरच्या रुळांवरून चालते. गँट्री क्रेनला स्वतःचे पाय असतात आणि ती जमिनीवरच्या रुळांवरून चालते. यार्डातल्या मोठ्या गँट्रीला बरेच जण गोलियाथ म्हणतात. एक बाजू शेडवर आणि दुसरी पायावर असेल तर ती सेमी-गँट्री. गोंधळ एवढ्यासाठी होतो, की इओटी ज्या गर्डरवर चालते त्यालाही शॉपमध्ये ‘गँट्री’च म्हणतात.

सुरक्षेच्या दृष्टीने मोठा फरक असा, की गँट्रीचे पाय माणसांच्या पातळीवरून फिरतात. त्यामुळे चाकाखाली पाय येणं किंवा पाय आणि भिंतीच्या मध्ये माणूस चेपणं हे धोके वाढतात. उघड्यावर असेल तर वारा आलाच (प्रश्न १८).

२. क्रेनवर ‘एसडब्ल्यूएल १० टन’, म्हणजे सुरक्षित भार १० टन, असं लिहिलंय. साडेदहा चालणार नाहीत का? बनवणारा थोडी मार्जिन ठेवतोच ना?

ठेवतो, पण ती तुमच्यासाठी नसते. ब्रेक लावल्यावर बसणारा झटका, वर्षानुवर्षांची झीज, वेल्डमधली बारीक त्रुटी हे सगळं त्या मार्जिनमध्ये धरलेलं असतं. ती आधीच खर्ची पडलेली आहे असं समजा. कारखाने अधिनियम, १९४८ (आता त्याच्या जागी नवी संहिता आली आहे, प्रश्न ५) च्या कलम २९ नुसार चाचणी सोडून इतर कोणत्याही वेळी सुरक्षित भारापेक्षा जास्त वजन लावता येत नाही. तो भार आणि ओळख क्रमांक यंत्रावर स्पष्ट लिहिलेला हवा आणि रजिस्टरमध्येही हवा.

आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. हुकाखाली जे जे लटकतं ते सगळं त्या दहा टनांत मोजायचं. जॉब, म्हणजे उचलायची वस्तू, ९.८ टनांचा आणि स्प्रेडर बीम (हुकाखाली लावायचा आडवा बीम) ४०० किलोचा असेल तर तुम्ही १०.२ टन उचलताय. मॅग्नेट, ग्रॅब, साखळ्या सगळ्यांना हेच लागू.

३. जॉबचं वजन माहीतच नसेल तर? ड्रॉइंग नाही, पाटी नाही.

मग ते काढा. लोखंडाचा हिशोब सोपा आहे: एक घनमीटर स्टील म्हणजे साधारण ७,८५० किलो. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, ५० मिलिमीटर जाड प्लेट म्हणजे ०.१५ घनमीटर, वजन जवळजवळ १,१८० किलो. कास्टिंग आणि डायचा (प्रेसच्या साच्याचा) अंदाज घेताना पोकळ भाग वजा करण्याचा मोह आवरा. अंदाज वरच्या बाजूला चुकलेला बरा.

वारंवार उचलल्या जाणाऱ्या प्रत्येक डायवर आणि फिक्श्चरवर पेंटने वजन लिहून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. एका दिवसात होतो. क्रेनला लोड सेल किंवा ओव्हरलोड कटऑफ असेल तर उत्तम, पण वजन माहीत नसताना ‘उचलून बघू, जास्त असेल तर कट होईल’ ही पद्धत करू नका. कटऑफ ही शेवटची आड आहे, तिला वजनकाटा करायचं नाही.

४. इओटी चालवायला लायसन्स लागतं का?

रस्त्यावर जाणाऱ्या मोबाइल क्रेनला आरटीओचं लायसन्स लागतं. शॉपमधल्या इओटीला तसं सरकारी लायसन्स नाही. याचा अर्थ ‘कोणीही चालवा’ असा मात्र होत नाही. चालक आणि इशारा देणारा, दोघंही १८ वर्षांवरचे आणि त्या कामात तयार असायला हवेत. कंपनीने त्यांना प्रशिक्षण द्यायचं, हातात क्रेन देऊन परीक्षा घ्यायची, डोळे तपासायचे आणि मग नावानिशी लेखी अधिकृत करायचं. फोटोसकट कार्ड खिशात, नावांची यादी बेच्या, म्हणजे शेडच्या त्या पट्ट्याच्या, खांबावर.

पेंडंट क्रेनने, म्हणजे खाली लटकणाऱ्या बटणांच्या पेटीवरून चालणाऱ्या क्रेनने, घात केला आहे तो इथेच. केबिनमध्ये चढायला निदान शिडी चढावी लागायची. पेंडंट खाली लटकत असतं, त्यामुळे जो मोकळा तो बटण दाबतो. ठेकेदाराकडे काल आलेला मुलगाही.

५. दर वर्षी सर्टिफिकेट घेतो. तेवढं पुरेसं नाही का?

कायद्याचं किमान तेवढंच आहे: १२ महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी. कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकांनी लेखी कळवलं तर त्यांनी सांगितलेल्या अंतराने. ‘कसून तपासणी’ म्हणजे नजरेने नीट पाहणी, आणि गरज पडेल तिथे हातोडीने ठोकून किंवा इतर साधनांनी. भाग उघडावा लागला तर उघडून. हाच नियम हुक, शॅकल, स्लिंग, साखळी, क्लॅम्प यांनाही लागू आहे. क्रेनचं सर्टिफिकेट फाइलला आणि खाली दहा स्लिंगांचा कुठेच हिशोब नाही, असं चित्र हमखास दिसतं.

पण ते सर्टिफिकेट तपासणीच्या दिवसाचं असतं. दोन शिफ्ट चालणाऱ्या क्रेनचा दोर त्यानंतरच्या तीन महिन्यांतही जाऊ शकतो. म्हणून रोजची पाहणी (प्रश्न ७) आणि मेंटेनन्सची महिन्याची तपासणी या वेगळ्या कराव्या लागतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि तिने कारखाने अधिनियमाची जागा घेतली. त्यावर ‘आता जुनं काही पाळायला नको’ असं ऐकायला मिळतं. तसं समजू नका. या पानावर दिलेली कलम २९ ची अंतरं आणि अटी शॉपमध्ये किमान म्हणून चालू ठेवा. नव्या नियमांत जास्त काही आलं तर ते वर चढवा.

६. ‘सक्षम व्यक्ती’ म्हणजे कोण? आमचा मेंटेनन्स इंजिनिअर वीस वर्षं क्रेनच बघतोय, त्याची सही चालेल का?

वीस वर्षांचा अनुभव रोजच्या कामासाठी सोन्यासारखा आहे, पण कायदेशीर सर्टिफिकेटसाठी मुख्य निरीक्षकांची मान्यता लागते. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, म्हणजे बोलीभाषेत ‘डिश’कडे आहे. मान्यता व्यक्तीला किंवा संस्थेला मिळते, ती ठरावीक कामासाठी आणि ठरावीक मुदतीची असते. प्रेशर व्हेसलसाठी मान्यता असलेला माणूस क्रेनवर सही करू शकेलच असं नाही. बोलावण्याआधी मान्यतापत्र मागा, त्यावर ‘लिफ्टिंग मशीन’ लिहिलंय का आणि मुदत कधी संपते ते वाचा.

आणि तो वर चढतो का ते बघा. ऑफिसात चहा घेऊन मागच्या वर्षीच्या कागदावरची तारीख बदलणारे तपासनीस आहेत, आणि त्यांना बोलावणारे मालकही आहेत. अपघातानंतर तो कागद मालकाला वाचवत नाही. तपासणीत काय पाहिलंच नव्हतं, ते मात्र त्यातून नीट सिद्ध होतं.

७. शिफ्ट सुरू होताना नक्की काय बघायचं? आमच्याकडे दहा मिनिटंही नसतात.

पाच पुरतात, रोज केलं तर. आधी मागच्या शिफ्टची नोंद वाचा आणि क्रेनवर कोणी काम करत नाही याची खात्री करा. मग हुक रिकामा ठेवून प्रत्येक बटण दाबा. पेंडंटवर ‘पूर्व’ दाबल्यावर क्रेन पूर्वेलाच जाते का? मोटर किंवा केबल बदलल्यानंतर फेज उलटा लागून दिशा बदलल्याचं बऱ्याचदा सकाळीच कळतं. बटण सोडल्यावर ते आपोआप परत आलं पाहिजे. अडकत असेल तर क्रेन बंद. लाल इमर्जन्सी बटण दाबून बघा. वरचा लिमिट स्विच, म्हणजे हुक फार वर गेला की थांबवणारा, तपासा (प्रश्न ८). हुकाची जीभ, म्हणजे सेफ्टी लॅच, जागेवर आहे आणि स्प्रिंगने बंद होते का ते पाहा. दोर पुलीतून उतरलेला किंवा ड्रमवर एकमेकांवर चढलेला नाही ना? सायरन वाजतो का?

दिवसातला पहिला जड माल उचलताना एक सवय लावून घ्या. जमिनीपासून चार-सहा इंच वर घ्या, थांबा, ब्रेक धरतो का बघा. माल खाली सरकत असेल तर तिथेच ठेवा. क्षमतेच्या जवळ जाणारा प्रत्येक माल उचलताना हेच करायचं.

८. वरचा लिमिट स्विच सारखा ट्रिप होतो आणि काम अडतं. उंच जॉबसाठी थोडा वेळ बायपास केला तर?

नाही. हुक ब्लॉक वर ड्रमला जाऊन धडकला की दोर तुटतो आणि ब्लॉक मालासकट खाली येतो. या एका अपघातासाठीच तो स्विच असतो. तारेने बांधलेला ग्रॅव्हिटी लिमिट (लटकत्या वजनावर चालणारा स्विच), वायरिंगमध्ये घातलेला लूप, ‘तात्पुरता’ म्हणून दोन वर्षं राहिलेला जंपर हे सगळं शेडमध्ये वर चढलं की दिसतं. खालून कोणालाच दिसत नाही, म्हणून ते टिकतं.

स्विच सारखा ट्रिप होतो याची दोन कारणं असतात. एक, चालक रोज तिथपर्यंत नेऊन त्यालाच थांबा म्हणून वापरतो. तो थांबण्यासाठी नाहीच, चुकलंच तर अडवण्यासाठी आहे. दोन, जॉब खरंच उंच आहे आणि स्लिंग लांब आहे. मग आखूड स्लिंग घ्या किंवा वर आय-बोल्टची (कडी असलेल्या बोल्टची) जागा बदला.

तपासणी रिकाम्या हुकाने, हळू गतीत, थोडं थोडं वर घेऊन. खालचा लिमिटही बघा. हुक सगळ्यात खाली असताना ड्रमवर दोराचे निदान दोन वेढे उरले पाहिजेत, नाहीतर सगळा भार दोराच्या टोकाला धरणाऱ्या क्लॅम्पवर येतो. मशीनचा खड्डा मागाहून खणलेल्या शॉपमध्ये हे मोजून बघाच.

९. वायर रोप कधी बदलायचा? एक-दोन तारा तुटल्या तर चालतं का?

आपल्याकडच्या बंदर आणि बांधकाम नियमांतला मापदंड लक्षात ठेवायला सोपा आहे: दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त झाल्या की दोर बाद. १२ मिलिमीटरचा दोर असेल तर ९६ मिलिमीटरच्या तुकड्यात मोजायचं. एकूण २२२ तारांचा दोर असेल तर त्या तुकड्यात २३ वी तुटकी तार दिसली की बाद. क्रेनच्या उत्पादकाने याहून कडक मर्यादा दिली असेल तर ती पाळायची, आणि बहुतेक वेळा ती दिलेली असते.

पण नुसत्या तारा मोजून भागत नाही. मुडप बसलेला, पिंजऱ्यासारखा फुगलेला, आतला गाभा बाहेर आलेला, वेल्डिंगच्या ठिणगीने जळलेला किंवा व्यास स्पष्ट कमी झालेला दोर तारा न मोजताच काढायचा. सगळ्या तुटक्या तारा एकाच लडीत किंवा टोकाच्या सॉकेटजवळ असतील तर कमी आकड्यालाही थांबायचं. पाहताना हात फिरवू नका, तारा हातमोज्यातून आत जातात. कापडाचा तुकडा फिरवा, तो जिथे अडकेल तिथे बघा.

हुकाचंही असंच. त्याचं तोंड रुंदावलं किंवा तो पिळला म्हणजे कधीतरी जास्त भार पडला होता. अमेरिकेच्या ओव्हरहेड क्रेन नियमांत मूळ मापापेक्षा १५ टक्के जास्त तोंड किंवा १० अंशांपेक्षा जास्त पीळ ही मर्यादा होती. आजचे उत्पादक त्याहून बरंच आधी बाद करायला सांगतात. नवीन हुक आल्या दिवशी दोन ठिकाणी पंचमार्क करून त्यांमधलं अंतर लिहून ठेवलं नसेल तर काहीच मोजता येत नाही. तापवून, ठोकून तोंड परत जुळवणं कधीच नाही.

१०. दोन टनांच्या मालाला एक-एक टनाच्या दोन स्लिंग पुरतील ना?

सरळ उभ्या लावल्या तरच. एका हुकातून स्लिंगचे दोन पाय फाकवले की प्रत्येक पायावर अर्ध्यापेक्षा जास्त ताण येतो. दोघांनी भरलेली बादली उचलताना जवळ उभं राहिलं तर सोपं जातं, लांब गेलं की हात भरून येतात, तसंच हे. दोन टनांच्या मालासाठी आकडे असे: पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर सुमारे १.१५ टन, ९० अंशांना १.४१ टन, १२० अंशांना पूर्ण २ टन. म्हणजे १२० अंशांना दोन स्लिंग लावून काहीच मिळवलं नाही, वर माल आतल्या बाजूला चेपला तो वेगळाच.

शॉपसाठी नियम ठेवा: ९० अंशांच्या पुढे जायचंच नाही, जमेल तिथे ६० च्या आत. डोळ्याने ओळखायची खूण अशी, की पायाची लांबी आणि खालच्या दोन टोकांमधलं अंतर सारखं असेल तर कोन ६० अंश. अंतर पायाच्या दीडपटीच्या जवळ गेलं की तुम्ही ९० ओलांडलेत.

चार पायांच्या स्लिंगमध्ये चारही पाय सारखे ताणले जातात असं धरू नका. कडक, न वाकणारा जॉब बऱ्याचदा दोन तिरप्या कोपऱ्यांवरच तोलला जातो आणि बाकीचे दोन पाय नुसती सोबत करतात. फास घालून, म्हणजे चोक करून उचलताना क्षमता साधारण २० टक्क्यांनी घटते. नेमका आकडा स्लिंगच्या पाटीवर असतो. पाटी नसेल तर ती स्लिंग वापरातून बाहेर.

११. कापडी बेल्टचे रंग कशासाठी? आणि बेल्टला कट असेल तर किती चालतो?

पॉलिएस्टर वेब स्लिंगचा रंग क्षमता सांगतो: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, राखाडी ४, लाल ५, तपकिरी ६, निळा ८, केशरी १० आणि त्यावर. हे आकडे सरळ उभ्या लावलेल्या बेल्टचे. रंग उडतो, तेल बसतं, म्हणून शेवटचा शब्द पाटीचा. कट किती चालतो? अजिबात नाही. कडेला पडलेली चीर भाराखाली पुढे फाटत जाते.

एका प्रेस शॉपमध्ये डाय बदलताना पाहिलेलं सांगतो. बेल्ट नवा, क्षमता दुप्पट, कोनही बरोबर. पण डायची कड मशीन केलेली होती, सुरीसारखी, आणि मध्ये पॅकिंग नव्हतं. जमिनीपासून वीतभर उचलल्यावर डाय जराशी झुकली, बेल्ट कडेवरून घासला आणि सरळ कापला गेला. डाय खाली बसली, पाय कोणाचाच नव्हता. त्या शॉपमध्ये आता प्रत्येक क्रेनजवळ जुन्या टायरचे तुकडे आणि अर्धे कापलेले पाइप पेटीत ठेवलेले असतात. धारदार कोपरा, तापलेला जॉब किंवा ॲसिडची टाकी असेल तिथे बेल्टच्या जागी साखळी किंवा वायर रोप वापरायचा का, हे आधी ठरवा.

बाद बेल्टचे दोन तुकडे करून टाका. अख्खा टाकलात तर तो पुढच्या आठवड्यात परत हुकाला दिसेल.

१२. माल क्रेनच्या बाहेर, कोपऱ्यात आहे. तिरकं ओढून घेतलं तर काय होतं?

माल सुटला की लंबकासारखा झोका घेतो आणि समोर जो असेल त्याला भिंतीशी दाबतो. शिवाय दोर ड्रमच्या खाचेतून बाहेर पडतो, रोप गाइड (दोर खाचेत ठेवणारा भाग) तुटतो आणि क्रेनची ट्रॉली, म्हणजे हुक घेऊन गर्डरवर फिरणारी गाडी, रुळावरून निसटू शकते. इओटी सरळ वर उचलण्यासाठी बनवलेली आहे. कोपऱ्यातला माल बाहेर काढायला फोर्कलिफ्ट, रोलर किंवा मटेरियल ट्रॉली. शेडच्या कडेला माल ठेवण्याची जागाच हुकाच्या पोचेबाहेर असेल तर लेआउट बदला. तिथे चालकाला दोष देऊन काही होणार नाही.

१३. इशारा कोणी द्यायचा? आमच्याकडे सगळेच ओरडतात.

एकानेच. उचलण्याआधी ठरवायचं, त्याने वेगळ्या रंगाचं जॅकेट घालायचं आणि चालकाने फक्त त्याच्याकडे बघायचं. अपवाद एकच: ‘थांब’ हा इशारा कोणीही देऊ शकतो, आणि चालकाने तो कोणाचाही पाळायचा. इशारा देणारा दिसेनासा झाला की क्रेन थांबली पाहिजे.

मूळ इशारे थोडे आहेत. हात वर, तर्जनी वर करून लहान गोल फिरवला की उचल. हात खाली, तर्जनी खाली करून गोल फिरवला की उतर. हात आडवा पसरून, तळवा खाली ठेवून मागेपुढे हलवला की थांब. दोन्ही हात तसेच हलवले की ताबडतोब थांब. बंदरातले आणि जुन्या शॉपमधले खलाशी ‘हाबेस’ म्हटलं की वर आणि ‘आर्या’ म्हटलं की खाली घेतात. गटातल्या सगळ्यांना ते येत असेल तर हरकत नाही, पण आता चालक झारखंडचा, रिगर (माल बांधणारा) बीडचा आणि सुपरवायझर तमिळनाडूचा असतो. हाताचे इशारे चित्रासकट भिंतीवर लावा.

रिमोट क्रेनवर चालक स्वतःच मालाबरोबर चालतो. तिथे धोका वेगळा: नजर मालावर, पाय कशात तरी. चालायची वाट मोकळी हवी. जेवायला जाताना रिमोटची चावी काढून खिशात. एकाच बेमध्ये दोन रिमोट असतील तर क्रेनवर आणि रिमोटवर सारखेच मोठे क्रमांक रंगवा.

१४. मालाखाली उभं राहायचं नाही हे पटतं, पण आमच्या बेमध्ये मशीनच क्रेनच्या रस्त्यात आहेत. ऑपरेटरने काय करायचं?

हा खरा प्रश्न आहे आणि याला ‘सावध राहा’ हे उत्तर नाही. माल नेण्याची वाट ठरवा, जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांनी आखा, ती मशीनच्या मधून नको, बाजूच्या गल्लीतून न्या. तसं जमत नसेल तर जड माल हलवण्याची वेळ ठरवा: चहाची सुट्टी, शिफ्ट बदल. तेही जमत नसेल तर सायरन वाजवून त्या मशीनवरचा माणूस बाजूला होईपर्यंत माल थांबवायचा, आणि त्या दोन मिनिटांचं उत्पादन गेलं म्हणून ऑपरेटरला कोणी बोलायचं नाही. हे शेवटचं मॅनेजरने सगळ्यांसमोर म्हणावं लागतं, नाहीतर माणूस हलत नाही.

माल हाताने धरून वळवू नका. टॅग लाइन, म्हणजे दोरी बांधा आणि लांबून वळवा. दोरी हाताला गुंडाळू नका. माल हवेत लटकत ठेवून चालकाने जागा सोडायची नाही, अगदी ‘एका मिनिटासाठी’ही.

१५. माल हवेत असताना लाइट गेली तर?

इओटीचे ब्रेक वीज असताना उघडतात आणि वीज गेली की स्प्रिंगने बंद होतात, त्यामुळे माल तिथेच थांबला पाहिजे. तरी सगळ्यात आधी खालची जागा रिकामी करून दोरी किंवा बॅरिकेड लावायचं आणि पेंडंटचं मुख्य बटण बंद करायचं, म्हणजे वीज आल्यावर काही अचानक हलणार नाही. मग वाट बघायची. ब्रेक हाताने सैल करून माल उतरवणं हे काम फक्त मेंटेनन्सचं, उत्पादकाच्या पुस्तकातल्या पद्धतीने.

मॅग्नेट क्रेनला हे लागू नाही. साध्या इलेक्ट्रोमॅग्नेटची वीज गेली की प्लेट सुटते. बॅटरी बॅकअप हवा, तो किती मिनिटं धरतो ते चाचणी करून माहीत हवं, आणि मॅग्नेटच्या वाटेत माणूस असताच कामा नये.

१६. रुळावर किंवा डीएसएलवर काम करायचं आहे. उत्पादन थांबवता येत नाही. काय पर्याय?

कारखाने अधिनियमाचं कलम २९ इथे अगदी नेमकं होतं, आणि तेच पाळायचं: क्रेनच्या चाकांच्या वाटेवर किंवा जवळ माणूस काम करत असेल आणि त्याला धडक बसू शकत असेल, तर क्रेन त्या जागेच्या सहा मीटरच्या आत येणार नाही अशी परिणामकारक व्यवस्था करायची. ‘चालकाला सांगून ठेवलंय’ ही परिणामकारक व्यवस्था नव्हे. रुळावर तात्पुरते स्टॉपर क्लॅम्प करा, खाली झेंडा आणि माणूस ठेवा, आणि त्याच रुळावर दुसरी क्रेन असेल तर तिच्या चालकालाही कामाच्या परवान्यात नावानिशी घ्या. पेंटर, शेडचे पत्रे बदलणारे, कॅमेरे बसवणारे हे बाहेरचे लोक असतात आणि क्रेन चालू आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

डीएसएलवर, म्हणजे बाजूने जाणाऱ्या विजेच्या पट्ट्यांवर काम असेल तर आयसोलेटर बंद, स्वतःचं कुलूप, स्वतःची चावी, टॅग आणि मग टेस्टरने खात्री. एकाच डीएसएलवर दोन क्रेन असतील तर दोन्ही बंद होतात, त्याला इलाज नाही.

१७. हुकाला पाळणा बांधून माणूस वर नेऊन शेडचे दिवे बदलता येतील का? आणि दोन क्रेनने एक माल?

पहिल्याचं उत्तर नाही. ही क्रेन माणसं उचलण्यासाठी नाही, हुकावर किंवा मालावर बसून जाणं तर नाहीच. सीझर लिफ्ट किंवा मचाण वापरा.

दुसरं करता येतं, पण रोजचं काम म्हणून नाही. लेखी योजना हवी, एक जबाबदार माणूस हवा, प्रत्येक क्रेनच्या वाट्याला किती भार येतो याचा हिशोब हवा आणि तो तिच्या क्षमतेच्या बराच आत हवा. एक क्रेन जरा पुढे गेली किंवा एक टोक जरा वर झालं की भार दुसरीकडे सरकतो. दोन्हींचा वेग सारखा नसेल तर करू नका.

१८. आमची गँट्री उघड्या यार्डात आहे. पावसाळ्यात वेगळं काय करायचं?

वारा गँट्रीला रुळावरून ढकलत नेऊ शकतो, ब्रेक लावलेले असतानाही. क्रेनवर वाऱ्याची मर्यादा लिहिलेली असते. ती कळायला वारामापक आणि ऐकू येईल असा अलार्म हवा. काम संपल्यावर रेल क्लॅम्प (क्रेनला रुळाशी पकडणारे चिमटे) रोज लावायचे, फक्त वादळाच्या बातमीनंतर नव्हे. वादळासाठी ठरलेल्या जागी नेऊन पिन किंवा साखळीने जमिनीला बांधायची सोय वेगळी असते. त्या पिनची भोकं मातीने बुजलेली नाहीत हे मे महिन्यात बघून घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मान्सून नीट पोचायचाही होता, त्यामुळे ‘पावसाळ्याआधी करू’ म्हणजे जूनमध्ये नव्हे.

पुढे रुळांची तपासणी. पावसात भराव खचला की एक रूळ खाली बसतो आणि पाय वाकायला लागतात. मोठ्या, सपाट शीटसारख्या मालाला वारा शिडासारखा धरतो, तो मर्यादेच्या आतल्या वाऱ्यातही थांबवावा लागतो.

१९. पुलाच्या साइटवरची गँट्री, बंदरातली क्रेन यांना कारखान्याचेच नियम का?

कारखाने अधिनियम कारखान्यापुरता होता. बांधकामासाठी इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ आणि बंदरासाठी गोदी कामगार (सुरक्षा, आरोग्य व कल्याण) अधिनियम, १९८६ होते. आता हे सगळे प्रश्न ५ मध्ये सांगितलेल्या एकाच संहितेखाली आले आहेत, पण प्रत्येक क्षेत्राच्या अटी वेगळ्या राहतात. बांधकामावरची गँट्री सगळ्यात अवघड, कारण ती स्वतःच पुढे सरकत जाते आणि तिचा पाया रोज बदलतो. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूरजवळ गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर जागेवर ठेवणारं यंत्र) कोसळला आणि २० जण गेले. तशा यंत्रासाठी दर हलवणीनंतर आधार, अँकर आणि बोल्ट यांची नव्याने तपासणी लागते. वर्षाच्या सर्टिफिकेटचा तिथे काही उपयोग नाही.

२०. जुनी क्रेन स्वस्तात मिळतेय. घ्यावी का? आणि लोड टेस्ट किती टनांनी करायची?

घ्या, पण कागद आधी बघा: मूळ ड्रॉइंग, ड्यूटी क्लास (किती कठोर वापरासाठी बनवली तो वर्ग), जुनी सर्टिफिकेटं. फाउंड्रीसाठी बनवलेली आणि असेंब्लीसाठी बनवलेली दहा टनी क्रेन एकसारखी नसते. स्पॅन कापून कमी केलेला किंवा वाढवलेला असेल तर वेल्डची तपासणी आणि डिझाइनचा नवा हिशोब हवा. तुमच्या शेडचे खांब आणि गर्डर तो भार घेतात का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल, क्रेन विकणारा नव्हे.

बसवल्यावर वापराआधी सक्षम व्यक्तीसमोर चाचणी. इओटीसाठी स्थिर ओव्हरलोड चाचणी साधारण क्षमतेच्या १२५ टक्क्यांनी होते. भारतीय मानक आयएस ३१७७ आणि उत्पादक काय सांगतात ते पाळा. चाचणीच्या वेळी बघ्यांची गर्दी नको. १ ऑगस्ट २०२० ला विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये क्रेन चाचणीच्या वेळीच कोसळली आणि ११ जण दगावले.

२१. दोर तुटला, माल पडला, पण कोणाला लागलं नाही. कळवावं लागतं का? सुपरवायझर म्हणतो, दोर बदला आणि काम सुरू करा.

कळवावं लागतं. क्रेन, विंच, हॉइस्ट किंवा त्याचा भाग कोसळणं वा निकामी होणं, क्रेन उलटणं, या ‘धोकादायक घटना’ आहेत आणि इजा झाली नसली तरी त्यांची सूचना डिशला द्यायची असते. माणूस जखमी होऊन ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर अपघाताची सूचना वेगळी.

दोर बदलण्याआधी तुटलेलं टोक, हुक, स्लिंग जसंच्या तसं बाजूला ठेवा, फोटो घ्या. टोक बघितल्यावर कारण बऱ्यापैकी कळतं: तारा झिजून एकेक तुटल्या, की एका झटक्यात ताणून गेल्या, की पुलीच्या कडेने कापल्या गेल्या. ते टोक भंगारात गेलं तर नवा दोरही त्याच पुलीवरून धावणार. क्रेन पुन्हा चालू करण्याआधी सक्षम व्यक्तीची तपासणी आणि तिची रजिस्टरमध्ये नोंद. आणि पहिला माल उचलायचा तो प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे, चार-सहा इंच वर घेऊन, थांबून.